नाव कधी येणार?

परवा ऑफिसच्या पॅन्ट्रीत नवीन जॉइन झालेला एक मुलगा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. हातात मशीनची बेचव कॉफी, गळ्यात आयकार्ड. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, "मॅम, तुम्ही सीरियल लिहायचात ना? मला पण रायटर व्हायचंय. फिल्म्सचा. जॉब सोडू का?"

मी विचारलं, "किती पानं लिहून झालीत?"

"पानं नाहीत अजून. पण आयडिया टोटल रेडी आहे."

हसू आलं होतं, पण आवरलं. कारण चार वर्षांपूर्वी मी पण हेच बोलत फिरत होते. तेव्हा मला कोणीतरी खुर्चीवर बसवून दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्या होत्या. कोणी सांगितल्या नाहीत. म्हणून आजचा कॉलम त्या मुलासाठी. (तो हे वाचणार नाही. रायटर व्हायचं असलेले लोक वाचत नाहीत, हा माझा अनुभव. असो.)

तर माझी स्टोरी. मी एका इन्शुरन्स कंपनीच्या क्लेम्स डिपार्टमेंटमध्ये आहे. म्हणजे दिवसभर लोकांचे अपघात एक्सेलमध्ये भरायचे. डोंबिवली ते ठाणे उभं, ठाणे ते ऐरोली पण उभं. कॉलेजात असताना एकांकिका स्पर्धांचं वेड होतं. तालमी, जागरणं, वडापाव आणि बक्षीस समारंभात परीक्षकांच्या नावाने शिमगा. त्या ग्रुपमधला एक सीनियर पुढे डेली सोपचे संवाद लिहायला लागला. एके रात्री त्याचा फोन आला, "अगं, अडकलोय. चार सीन मारून दे ना उद्या सकाळपर्यंत." मी मारून दिले. तिसऱ्या दिवशी परत फोन. मग रोजच.

आता डेली सोपचा कारखाना कसा चालतो ते सांगते, कारण बाहेरून कळत नाही. आपल्याकडे पाटीवर कथा, पटकथा, संवाद असे तीन वेगळे शब्द येतात, आणि बहुतेक वेळा माणसंही तीन वेगळी असतात. कथावाला पुढच्या काही महिन्यांचा ट्रॅक ठरवतो. पटकथावाला एकेका एपिसोडचे सीन पाडतो. कोण, कुठे, काय होतं आणि शेवटी कुठल्या चेहऱ्यावर फ्रीज करायचं. संवादवाल्याने त्यात माणसं बोलती करायची. आठवड्याला सहा एपिसोड. माझ्याकडे सीन रात्री अकराला यायचे आणि पहाटे सहाला परत जायचे, कारण घोडबंदर रोडवरच्या सेटवर शिफ्ट नऊची. मध्येच मेसेज, 'सासूबाईंची तारीख नाही, त्यांचा सीन मावशीला दे.' मग सासूचा सगळा संताप रात्री दोन वाजता मावशीच्या तोंडी घालायचा. आणि गुरुवारी टीआरपी आला की आधी लिहिलेलं अर्धं कचऱ्यात.

खरं सांगू? मजा यायची. आपण लिहिलेलं वाक्य तीन-चार दिवसांत लाखो लोकांच्या घरात कोणीतरी बोलतंय, याची सॉलिड किक असते. शिवाय रोज लिहिल्यामुळे हात बसतो. इन्स्पिरेशनची वाट बघायची लक्झरीच नसते. हे शिक्षण मला कुठल्याच इन्स्टिट्यूटमध्ये मिळालं नसतं, आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

लोच्या वेगळाच होता.

चिपळूणला माझे बाबा असतात. एसटीतून रिटायर्ड. आयुष्यात त्यांनी सीरियल बघितली नव्हती, पण मुलगी लिहिते म्हटल्यावर रोज चष्मा लावून टीव्हीसमोर. मला वाटायचं, ते एपिसोड बघतात. ते बघत होते पाट्या. शीर्षकगीतावर नावं इतकी पळतात की चांगल्या डोळ्यांना दिसत नाहीत. पण बाबा हटले नाहीत. भाच्याकडून मोबाइलवर एपिसोड पॉज कसा करायचा ते शिकले आणि भिंग घेऊन बसले. एका रविवारी फोन. "तुझं नाव सापडत नाही गं. तिसऱ्या पाटीवर आपल्या आडनावाचा एक आहे, पण तो लाइटवाला आहे. तुझं कधी येणार?"

मी म्हटलं, "येईल हो बाबा, प्रोसेस असते."

प्रोसेस कसली डोंबलाची! पैसे मला त्या सीनियरच्या खात्यातून यायचे, आणि पेमेंटच्या खाली लिहिलेलं असायचं 'पेट्रोल'. आठ महिने मी घरबसल्या पेट्रोल विकत होते म्हणा ना. धीर करून एकदा सेटवर गेले, तर एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर बाई गोड हसून म्हणाल्या, "अगं, तू नवीन आहेस ना? आधी काम दिसू दे. नाव काय, येईलच. पुढच्या शोला तुलाच घेतोय." मी इतकी खूश, की त्या रात्री राजीनाम्याचा मेल टाइप करून ड्राफ्टमध्ये ठेवला.

पाठवला नाही, ही देवाची कृपा. तीन आठवड्यांत सीरियल बंद झाली. पुढचा शो आलाच नाही. शेवटच्या अडीच महिन्यांचे पैसे आजतागायत नाहीत. सीनियर म्हणतो, मलाच मिळाले नाहीत. आणि मला वाटतं, तो खरं बोलतोय. त्याच्याकडेही कागद नव्हता. आम्ही सगळे एकमेकांच्या शब्दावर उभे होतो, आणि शब्द लिहायचं काम आमचंच होतं!

मग मी गृहपाठ केला. उशिरा, पण केला.

मुंबईत अंधेरीला स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे. पूर्वीची फिल्म रायटर्स असोसिएशन. मेंबर झालात की स्क्रिप्ट ऑनलाइन रजिस्टर करता येते, आणि भांडण झालं तर त्यांची वाद सोडवणारी कमिटी आहे. एक गैरसमज मात्र काढून टाका. रजिस्ट्रेशन म्हणजे गोष्टीचा सातबारा नव्हे. अमुक तारखेला हे लिखाण तुमच्याकडे होतं, एवढाच तो पुरावा. पण वेळेला तोच लागतो. कॉन्ट्रॅक्ट कसं असावं याचा नमुनाही त्यांच्याकडे असतो. मी कुठलंच काही केलं नव्हतं. माझ्याकडे पुरावा म्हणजे व्हॉट्सॲपवरचे सीन आणि समोरून आलेले अंगठे.

आता पॅन्ट्रीतल्या मुलाच्या आयडियाकडे येऊ. आर. जी. आनंद नावाच्या लेखकाने 'हम हिंदुस्तानी' नावाचं नाटक लिहिलं होतं. प्रांतवादावर. त्यांनी ते एका फिल्म दिग्दर्शकाला वाचून दाखवलं, आणि १९५६ मध्ये 'न्यू दिल्ली' हा सिनेमा आला. आनंद कोर्टात गेले. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं, आणि १९७८ मध्ये निकाल लागला आनंद यांच्या विरोधात. विषय, कल्पना, थीम यांच्यावर कोणाचा कॉपीराइट नसतो. तो असतो ती कल्पना ज्या पद्धतीने मांडली त्या मांडणीवर. म्हणजे सीसीडीत बसून सांगितलेली आयडिया ही कायद्याच्या लेखी हवा आहे, बॉस. साठ पानं लिहिलीत तर ती साठ पानं तुमची.

आणि नावाचं म्हणाल तर हे दुखणं जुनं आहे. १९७३ च्या 'जंजीर'च्या पोस्टरवर लेखकांची नावं नव्हती, तेव्हा सलीम-जावेदनी पेंटर गाठून मुंबईत लागलेल्या पोस्टरांवर स्वतःची नावं रंगवून घेतली. हा किस्सा त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितलाय. मला तो आधी भन्नाट वाटायचा. आता वाटतं, एवढा मोठा हिट लिहिणाऱ्यांनाही ब्रशच्या भरवशावर राहावं लागलं. खरं तर कॉपीराइट कायद्याचं सत्तावन्नावं कलम सांगतं की हक्क विकल्यानंतरही 'हे मी लिहिलं' म्हणण्याचा लेखकाचा अधिकार शिल्लक राहतो. पण तो कोर्टात जाऊन मागायचा की आधीच कॉन्ट्रॅक्टमध्ये एक ओळ घालून घ्यायची, हे ज्याने त्याने ठरवावं.

जॉब सोडू का, या प्रश्नाचं माझं उत्तर साधं आहे. लिहिण्याच्या वेळेचे पैसे कोणीतरी भरावे लागतात. चैतन्य ताम्हाणेंनी 'कोर्ट' लिहिला तेव्हा त्यांचा मित्र विवेक गोम्बर त्यांना दर महिन्याला पैसे देत होता, म्हणून निवांत रिसर्च आणि लिखाण झालं. (तोच मित्र निर्माता, आणि सिनेमातला बचाव पक्षाचा वकील पण तोच.) २०१४ मध्ये त्या सिनेमाने व्हेनिसला दोन पुरस्कार मिळवले. पुढे २०२० मध्ये 'द डिसायपल'साठी ताम्हाणेंना तिथेच पटकथेचा पुरस्कार मिळाला. तुमच्याकडे असा मित्र आहे? माझ्याकडे नाही. माझा विवेक गोम्बर म्हणजे एचआर डिपार्टमेंट. सकाळी पाच ते सात माझी पानं, नंतर लोकांचे अपघात. पाच-सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत आणि सही झालेलं एक कॉन्ट्रॅक्ट हातात, हे दोन्ही होईपर्यंत माझा मेल ड्राफ्टमध्येच राहणार. घाबरट म्हणा हवं तर.

गेल्या वर्षी याच पहाटेच्या पानांतून एक पूर्ण पटकथा झाली. एकशे चार पानं. एका क्लेमवरूनच सुचलेली, नावगाव सगळं बदलून. मग नॅरेशनं सुरू. आपल्या इंडस्ट्रीत स्क्रिप्ट वाचण्यापेक्षा ऐकण्याची पद्धत जास्त, म्हणजे दोन तास एकटीने सगळी पात्रं करायची. एकांकिकांचा अनुभव इथे कामी आला. तरी बाप दार उघडतो तो माझा हुकमी सीन आला की कुठल्याही ऑफिसात हमखास चहा येतो, आणि सगळे साखर कोणाला किती यावर चर्चा करतात. सातव्या ठिकाणी चहा आला, पण निर्मात्याने हाताने थांबवला. मला तेव्हाच कळलं.

त्यांचं कॉन्ट्रॅक्ट दहा दिवसांपूर्वी आलं. चौदा पानं. मी क्लेम्समधली बाई, बारीक अक्षरं वाचायचाच पगार घेते. नवव्या पानावर होतंच ते: लेखनश्रेय देणे वा न देणे हा निर्मात्याचा निर्णय राहील. वकिलाला दाखवलं, तो म्हणाला, हे काढायला सांगा. सांगताना हात थरथरत होते, कारण पिक्चर गेलं तर? सात नॅरेशनं काय परत होणार आहेत? तरी मेल टाकला. श्रेयाचा शब्दप्रयोग कसा असेल ते लिहिलं, हप्त्यांच्या तारखा घातल्या, आणि 'पेट्रोल'वालं पेमेंट चालणार नाही हे सभ्य भाषेत कळवलं.

अजून उत्तर नाही. निर्मात्याची 'बघतो आणि कळवतो' अशी एक ओळ तेवढी आली. रोज सकाळी मेल उघडताना पोटात गोळा येतो.

बाबांना सगळं सांगितलं. फोनवर बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "सिनेमात पाट्या सावकाश जातात ना? भिंग लागणार नाही?"