मागच्या सीटकडे वळवलेला कॅमेरा काढा

बेळगाव, संकेश्वर, निपाणी, कागल या पट्ट्यात भाड्याची गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने हे नीट वाचावे. ॲपवर गाडी लावणाऱ्यांनी वाचावे, वडाप करणाऱ्यांनी वाचावे, आणि ड्रायव्हर ठेवून घरी बसलेल्या मालकांनी दोनदा वाचावे.

रस्त्याकडे तोंड केलेल्या डॅशकॅमबद्दल आमची काही तक्रार नाही. तवंदी घाटात ट्रक घासून गेला आणि दोष तुमच्यावर आला, तर तेच चित्रण तुम्हाला वाचवेल. खुशाल लावा. आमचे भांडण आहे ते आरशाखालून मागच्या सीटवर डोळा ठेवणाऱ्या दुसऱ्या कॅमेऱ्याशी आणि त्याच्या पोटातल्या माइकशी. प्रवाशाला न सांगता हे दोन्ही चालू ठेवण्याचा प्रकार येत्या पंधरा दिवसांत बंद झाला पाहिजे.

मागच्या सीटवर काय काय घडते ते ड्रायव्हरइतके कुणालाच ठाऊक नसते. केएलई हॉस्पिटलमधून रिपोर्ट घेऊन निघालेला माणूस गाडीतूनच घरी फोन लावतो आणि आजाराचे नाव सांगताना त्याचा आवाज फुटतो. निपाणीचा तंबाखू व्यापारी सौद्याचे आकडे बोलतो. कुणी बँकेचा ओटीपी मोठ्याने वाचून दाखवतो (वाचू नये, पण वाचतात). आदमापूरहून अमावास्येचे दर्शन करून परतणारी बाई रडणाऱ्या लेकराला पदराखाली घेते. हे सगळे, अंधारातसुद्धा, कार्डावर उतरते. कार्ड भरले की जुने आपोआप पुसले जाते, असे सांगून आमची समजूत घालू नका. गचका बसला की यंत्राला अपघात झाला असे वाटते आणि ते तेवढी फाइल राखून ठेवते. आपल्या रस्त्यांवर गचक्यांना काय तोटा!

आणि सीमाभागात चित्रापेक्षा आवाज जास्त घातक आहे. एक प्रवासी मराठी, एक कन्नड. सीटवरून किंवा सुट्ट्या पैशांवरून शब्दाला शब्द लागला आणि कुणी त्यातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा कापून ग्रुपवर टाकला, तर पुढे काय होते हे आपण भोगलेले आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुळेभावी-बाळेकुंद्रीच्या बसमध्ये तिकीट काढताना भाषेवरून वाद झाला, कंडक्टरला मारहाण झाली, आणि दोन्ही राज्यांच्या बसगाड्या सीमेवर थांबल्या. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांची तोडफोड झाली. त्या ट्रकांच्या ड्रायव्हरांचा सीमाप्रश्नाशी काय संबंध होता? नंबरप्लेट, एवढाच. तुमच्या गाडीतला तुकडा बाहेर गेला आणि वातावरण तापले, तर दगड बसेल तो तुमच्यासारख्याच कुणाच्या तरी काचेवर. १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या आणि काळ्या दिनाच्या, आसपास तर माइक चालू ठेवणे हा निव्वळ अविचार आहे.

आता कायदा. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला, आणि ती याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाचेच निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांची होती. लेकराला पाजणाऱ्या बाईच्या अंगाचे चित्रण जाणूनबुजून टिपले किंवा पुढे पाठवले, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. क्लिप दाखवून पैसे मागितले, तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३०८, सात वर्षांपर्यंत. भाषेवरून तेढ वाढवण्यासाठी तुकडा पसरवला, तर कलम १९६. मे २०२५ मध्ये बेंगळुरू मेट्रोतल्या महिलांचे चोरून काढलेले व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकणाऱ्याला पोलिसांनी अटक केली. कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की हद्द बदलते, या भरवशावरही राहू नका. झिरो एफआयआर कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो.

कायद्यात फटी आहेत, हे आम्हालाही कळते. साधे बोलणे चोरून टिपणाऱ्याला धरणे सोपे नाही. पण अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात २०१८ मध्ये एका ड्रायव्हरने शेकडो प्रवाशांना त्यांच्या नकळत इंटरनेटवर थेट दाखवले. तिथल्या कायद्यात ते बसत होते. तरीही बातमी छापून येताच उबर आणि लिफ्ट या दोन्ही कंपन्यांनी त्याला काढून टाकले. गिऱ्हाईक तुटायला कोर्टाचा निकाल लागत नाही.

रात्रीच्या भाड्याला तुमच्या जिवालाही धोका असतो, हे मान्य. आतला कॅमेरा हवाच असेल, तर दारावर मराठी आणि कन्नडमध्ये ठळक पाटी लावा, गाडीत बसण्याआधी तोंडाने सांगा आणि माइक बंद ठेवा. चित्रण मोबाइलवर उतरवू नका; पोलिसांनी लेखी मागितले तरच द्या. प्रवासी नको म्हणाला, तर कॅमेरा झाका किंवा भाडे न घेता त्याला जाऊ द्या. प्रवाशांनाही बजावतो: ड्रायव्हरचा रील करून टाकण्याचा हक्क तुम्हालाही कुणी दिलेला नाही.

मुदत पंधरा दिवसांची. त्यानंतर पाटी नसलेल्या गाडीत आत वळवलेला कॅमेरा दिसला, की गाडीचा नंबर टिपला जाईल, ॲपच्या कंपनीकडे आणि पोलिसांकडे तक्रार जाईल. केए-२२ असेल तर बेळगावच्या आरटीओला, केए-२३ असेल तर चिक्कोडीला, एमएच-०९ असेल तर कोल्हापूरला लेखी अर्ज जाईल. ओळखीचा ड्रायव्हर आहे म्हणून कुणालाही सोडले जाणार नाही.