आधी शेवट सांगा!

परवा तास संपवून वर्गाबाहेर पडत होतो, तेव्हा बी. ए. च्या दुसऱ्या वर्षातील एका विद्यार्थ्याने मला व्हरांड्यात गाठले. ‘लॉस्ट’ या अमेरिकन दूरदर्शन-मालिकेचा उल्लेख मी बोलता बोलता वर्गात केला होता, आणि ती पाहावी असे त्याच्या मनात आले होते. “पण सर,” तो म्हणाला, “शेवट चांगला आहे का, तेवढं आधी सांगा. एकशे एकवीस भाग आहेत. शेवटी फसगतच होणार असेल तर एवढा वेळ कशाला घालवायचा?”

तेवढ्यात घंटा झाली आणि “सांगतो उद्या” म्हणून मी वेळ मारून नेली. खरे सांगायचे तर घंटा झाली नसती तरी माझ्यापाशी उत्तर तयार नव्हते. ते शोधण्यासाठी हा लेख. यात त्या मालिकेची काही गुपिते फुटणार आहेत, तेव्हा ज्यांना ती कोरी पाहायची असेल त्यांनी येथेच थांबून पुढच्या पानावर जावे. लेखक रागावणार नाही.

‘लॉस्ट’ २२ सप्टेंबर २००४ रोजी ए. बी. सी. वाहिनीवर सुरू झाली आणि २३ मे २०१० रोजी संपली. सहा पर्वे झाली. सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेले विमान पॅसिफिक महासागरातील एका अनोळखी बेटावर कोसळते आणि वाचलेले प्रवासी सुटकेची वाट पाहू लागतात, एवढीच सुरुवात. पण बेट साधे नाही. उष्ण कटिबंधातल्या जंगलात ध्रुवावरचे पांढरे अस्वल अंगावर धावून येते. काळा धूर झाडे उपटीत फिरतो. चाकांच्या खुर्चीशिवाय हलू न शकणारा एक प्रवासी बेटावर आपल्या पायांवर उभा राहतो. जमिनीत एक पोलादी झाकण सापडते, आणि त्याखाली एक मनुष्य दर १०८ मिनिटांनी ४, ८, १५, १६, २३, ४२ हे आकडे यंत्रात भरीत बसलेला असतो. बेरीज करून पाहा, तीही १०८ च येते.

२००७ च्या पावसाळ्यात, बेळगावातल्या वसतिगृहाच्या एका गळक्या खोलीत, मी आणि माझा खोलीमित्र या बेटावर जाऊन पडलो. त्या वेळेपर्यंत तीन पर्वे पूर्ण झाली होती आणि ती एका सीनियरच्या कृपेने आमच्या हाती आली होती. मित्र अथणी तालुक्यातला, घरी कन्नड बोलणारा. त्याचे मराठी आणि माझे कन्नड सारखेच अधू. मालिका इंग्रजीत, वाद मराठी-कन्नडात, आणि तावातावाने बोलताना कोण कोणत्या भाषेत बोलतो आहे याचे भान दोघांनाही नसे. खानावळीतून परतल्यावर दोन भाग, आणि त्यानंतर निदान तासभर तर्क, असा आमचा नेम होता. परीक्षेच्या अभ्यासाला आम्ही इतकी टिपणे काढली नसतील.

पांढऱ्या अस्वलावरून आमची पैज लागली. अस्वल तेथे कसे आले हे लेखकाला ठाऊकच नाही, असे मित्राचे मत. ठाऊक असलेच पाहिजे, असे माझे. हरेल त्याने पाव किलो कुंदा द्यायचा. तिसऱ्या पर्वाच्या आरंभी पिंजरे दिसले आणि उलगडा झाला. शास्त्रज्ञांच्या एका मंडळाने प्रयोगासाठी ती अस्वले बेटावर आणून ठेवली होती, इतकेच. मी पैज जिंकलो. पण मला आठवते, उत्तर कळल्यावर आम्ही दोघेही नुसते “हं” म्हणालो. दीड महिना जे कोडे डोक्यात घोळत होते ते सुटले, आणि सुटताक्षणी त्याची किंमत संपली. कुंदा त्यापेक्षा जास्त वेळ पुरला.

त्याच पर्वाच्या नवव्या भागात मित्र उठला. नायकाच्या दंडावर गोंदण कसे आले, याची हकिकत सांगण्यात तो भाग खर्ची पडला होता. मित्र म्हणाला, “यांच्याजवळ सांगायला काही उरलं नाही रे. हे आपल्याला नुसतं बसवून ठेवतायत.” दिवा मालवला आणि कूस बदलून तो झोपला. नंतर त्याने ती मालिका पाहिली नाही.

आता गंमत पाहा. त्या भागाविषयी माझ्या मित्राचे जे मत, तेच मालिकेच्या लेखकांचेही होते! वाहिनीला मालिका चालू ठेवायची होती आणि लेखकांना ती संपविण्याची तारीख हवी होती. शेवट कधी आहे हे ठाऊक नसेल तर वाटेत किती पाणी घालायचे याचा अंदाज येत नाही, ही त्यांची अडचण होती. हा गोंदणाचा भाग म्हणजे त्या अडचणीचा पुरावाच ठरला, असे त्यांच्यापैकी एकाने पुढे सांगितले. अखेर मे २००७ मध्ये वाहिनीने जाहीर केले की, मालिका २०१० मध्ये संपेल. लोकप्रिय मालिकेचा मृत्युदिन तीन वर्षे आधी जाहीर होणे ही त्या धंद्यात नवलाची गोष्ट होती.

माझ्या मते रहस्यकथेतला खरा करार येथे आहे. प्रत्येक कोड्याचे उत्तर मिळेल, असे वचन लेखकाने देऊ नये. देता येतही नाही. पण कथेला शेवट आहे आणि मी तिकडे चाललो आहे, एवढे वचन त्याने दिलेच पाहिजे. कीर्तनाला बसलेल्या माणसाला शेवटी आरती होणार हे ठाऊक असते, म्हणूनच तो आख्यान निवांत ऐकतो. आरतीच नसलेल्या कीर्तनात कोण बसेल? आपल्याकडे ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ पासून २०१३ पर्यंत तीन हजारांहून अधिक भाग चालली. घरगुती कथेला ते चालून जाते, कारण घर चालूच असते. रहस्याला ते चालत नाही. न संपणारे रहस्य म्हणजे न फेडलेले कर्ज.

बरे, मग प्रेक्षकाने काय करावे? येथे मला स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. मित्र उठल्यावर मी एकटा पाहत राहिलो, त्यात निष्ठा वगैरे काही नव्हती. ‘अठ्ठावन्न भाग पाहिले, आता सोडायचे कसे?’ हा त्यामागचा हिशेब. शिवाय मित्र चुकला हे सिद्ध करण्याची हौस. गेलेला वेळ वसूल करण्यासाठी आणखी वेळ घालविणे हा जुगाऱ्याचा न्याय झाला. केवळ या कारणाने जो बसला आहे त्याने खुशाल उठावे. त्यात कमीपणा नाही. माझ्या मित्राचे उठणे माझ्या बसण्यापेक्षा त्या वेळी अधिक प्रामाणिक होते.

माझे बसणे प्रामाणिक झाले ते पुढच्या वर्षी. चौथ्या पर्वाचा पाचवा भाग २८ फेब्रुवारी २००८ ला प्रसारित झाला. मी तो उन्हाळ्यात पाहिला. डेस्मंड नावाचा एक स्कॉटिश मनुष्य मालिकेत आहे. आपण हिच्या लायक नाही या भीतीने त्याने आपल्या प्रेयसीला सोडलेले आहे. या भागात त्याचे मन काळात मागेपुढे हेलकावू लागते. जगायचे तर त्याला दोन्ही काळांत ओळखीचे असे एक माणूस हवे, आणि त्यासाठी तिला एक टेलिफोन करायचा आहे. संपूर्ण भाग त्या एका टेलिफोनसाठी आहे. फोन लागला की नाही, हे मी येथे लिहीत नाही. बेटाचे एकही मोठे कोडे त्यात सुटत नाही, तरी भाग संपल्यावर मी अंधारात तसाच बसून राहिलो. समोरची खाट रिकामी होती. मित्र गावी गेला होता. त्याला उठवून सांगावे असे फार वाटले. त्या रात्री मला कळले की, मी अस्वलासाठी कधी थांबलोच नव्हतो.

म्हणून शेवटाने मला फसविले असे मी म्हणत नाही, पण त्याने सारे हिशेब चुकते केले असेही म्हणणार नाही. बेटावर गरोदर स्त्रिया का दगावतात, याचे धड उत्तर मिळाले नाही. एका लहान मुलाच्या अंगी काही अद्भुत शक्ती असल्याचे सुचवून ठेवले होते. पण कथेत दोन महिने जातात तोवर तो बालनट दोन वर्षांनी वाढला, आणि त्याला बाजूला सारावे लागले. दोष आहेत आणि ते मोठे आहेत. परंतु ते दोष आहेत हे ठामपणे सांगण्याचा अधिकार मला कशाने मिळाला? शेवटपर्यंत बसल्याने.

हा अधिकार लहान नाही. पहिला भाग अमेरिकेत सुमारे १ कोटी ८६ लाख लोकांनी पाहिला आणि शेवटचा सुमारे १ कोटी ३५ लाखांनी. म्हणजे पन्नास लाखांची गळती झाली, आणि तीत माझा मित्र धरलेला नाही! या शेवटाविषयी एक गैरसमज आजही फिरतो की, ‘ते सगळे विमान पडले तेव्हाच मेले होते.’ हे खोटे आहे. शेवटच्या प्रसंगात सारी माणसे मृत्यूनंतर एकत्र येतात हे खरे. पण बेटावर घडले ते खरेच घडले, आणि प्रत्येक जण आपापल्या वेळी मेला, कोणी आधी, कोणी फार नंतर, असे त्यात स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. घोटाळा झाला तो निराळ्याच कारणाने. नामावलीच्या वेळी वाहिनीने रिकाम्या किनाऱ्यावरील विमानाच्या सांगाड्याची चित्रे दाखविली, आणि कित्येकांनी त्यातून भलताच अर्थ काढला.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर खडेबाजारात माझा तो मित्र अचानक भेटला. केस पिकलेले, हातात मुलीसाठी घेतलेला फ्रॉक. चहा घेताना त्याने विचारले, “ते बेटाचं कडीक एनातु? सगळे आधीच मेलेले होते म्हणे.” कोणीतरी त्याला तसे सांगितले होते, आणि इतकी वर्षे तो तेच धरून बसला होता. मी खरे काय ते सांगितले. आकड्यांचे विचारील, धुराचे विचारील, म्हणून मी तयारीत होतो. त्याने कप खाली ठेवला आणि विचारले, “आणि त्या डेस्मंडला त्याची बाई भेटली का रे?”

तो ज्या भागावर उठला त्याच्या आदल्याच भागात डेस्मंडने तिला सोडलेले होते. अस्वल विसरले, आकडे विसरले. एवढेच एक त्याच्या मनात राहून गेले होते.

मी सांगितले नाही. “स्वतः पाहा,” म्हणालो. तो चिडला. “एका शब्दात सांगता येत नाही होय?” एका शब्दात सांगता आले असते. पण तो शब्द ऐकून त्याने पुन्हा “हं” म्हटले असते, अस्वलाच्या वेळी म्हटले होते तसे.

व्हरांड्यातल्या त्या विद्यार्थ्याला माझे उत्तर असे आहे. शेवट चांगला की वाईट हे विचारू नकोस. कथा संपली आहे ना, एवढे विचार. ती संपली आहे. आता दहा-बारा भाग पाहा. त्यांतल्या एकाही माणसाची तुला काळजी वाटली नाही तर खुशाल सोड. वाटली, तर मग मध्येच उठू नकोस. नाही तर सतरा-अठरा वर्षांनी बाजारात कुणाला तरी थांबवून विचारावे लागेल, आणि तोही माझ्यासारखाच दुष्ट निघाला तर तुझी पंचाईत होईल.