आपल्याकडे कबर नाही, मग पूर्वज वाचायचे कुठे?



पितृपक्ष जवळ आला की आमच्या वारासिवनीत, जुन्या घरांच्या ओसरीवर, एक विषय हमखास निघतो. आपण मूळचे कुठले? आता त्यात परदेशातल्या नातवंडांनी भर घातली आहे. तिकडे लोक जुन्या दफनभूमीत हिंडतात, दगडावरची नावं आणि सालं वाचतात आणि दीडदोनशे वर्षांची वंशावळ जुळवतात. ‘फाइंड अ ग्रेव्ह’ नावाची साइटच आहे म्हणे, तिथे कबरींचे फोटो बघायला मिळतात. मग पोरं विचारतात, आजोबा, आपले दगड कुठे आहेत?

आपले दगड नाहीत, बाबांनो. देह अग्नीला, अस्थी नदीला. लहान मूल पुरलं तरी वर नाव कोणी कोरत नाही. आपल्या भागात गोऱ्या साहेबांची मात्र चोख नोंद आहे. क्रॉफ्टन नावाच्या आय.सी.एस. अधिकाऱ्याने मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या कबरींवर काय काय कोरलंय त्याची यादीच केली, ती १९३२ साली नागपुरात छापली गेली. मराठीत दगडावर कोरलेली वंशावळ पाहायची तर थेट तंजावर गाठावं लागतं. सरफोजी राजांनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या देवळात भोसले घराण्याचा इतिहास कोरवून घेतला. पण ते राजे. आपल्या पणजोबांसाठी भिंत कोण देणार?

आपली आठवण तर्पणावर चालते. बाप, आजा, पणजा. आई, आजी, पणजी. आणि आईकडचे तसेच. तीन पिढ्या झाल्या की नाव गळतं. तिथी माहीत नसेल तर सर्वपित्री अमावास्या आहेच. सोय झाली खरी, पण विसरायलाही मोकळीक मिळाली.

म्हणून आपल्याला दगडाऐवजी कागद वाचावा लागतो, आणि आपल्या भागात सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे कोतवाल बुक. गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची खबर ठाण्यात द्यायचा, तिथे रजिस्टरात चढायची. बापाचं नाव, जात, गाव, तारीख, मरणाचं कारण. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने देशात ज्या प्रांतांना सगळ्यात जास्त झोडपलं त्यात आपला मध्यप्रांत होता. त्या सालाची पानं कोणी उघडून दिली तर नीट बसून वाचा, एकेका घरातून किती माणसं गेली ते कळेल. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा बाळाचं नाव नसतं, नुसतं ‘मुलगा’ नाहीतर ‘मुलगी’, कारण बारसं व्हायचं असतं. तिथे बापाचं नाव आणि साल जुळवूनच ओळख पटवावी लागते.

हे बुक आज कोण काढतं? ज्याला जातीचा दाखला हवा तो. नक्कल मिळाली, शिक्का बसला, की पूर्वज परत कपाटात. मला याची चीड येते. सरकारी कामासाठी चार चकरा मारतो तो माणूस त्याच पानावर आपल्या आज्याची भावंडं आहेत का, ते वाचायला दहा मिनिटं थांबत नाही.

आपल्यासारख्यांची आणखी एक अडचण आहे. बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि सिवनीचे तुकडे जोडून झाला. १ नोव्हेंबर १९५६ ला भंडारा मुंबई राज्यात गेलं, आपण मध्यप्रदेशात राहिलो. कित्येकांची सोयरीक बावनथडीच्या पलीकडे आणि कागदही पलीकडे. १९९९ पासून त्यातले काही गोंदियात. तेव्हा शोध फक्त बालाघाटात करून भागत नाही. त्र्यंबक, नाशिक, प्रयाग, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचंही तसंच. तिथे ‘वारासिवनी’ सांगून काही निघालं नाही तर निराश होऊ नका. वह्या मूळ गावावर लावलेल्या असतात, तेव्हा आजोबांच्या आधीचं गाव सांगा. जुनी पानं मोडीत निघाली तर भटजींकडूनच वाचून घ्या आणि तिथल्या तिथे उतरवा. आणि जाल तेव्हा पुढच्या पिढीची नावंही चढवून या.

हे सगळं ठीक. माझं खरं दुखणं वेगळं आहे. बँकेत मृत खातेदाराच्या दाव्याचे कागद मी वर्षानुवर्षे तपासले. वारस पोरं बापाची जमीन डिसमिलपर्यंत सांगायची. आजीचं नाव विचारलं की एकमेकांकडे बघायची. ‘आजीच म्हणायचो साहेब.’ तिचं माहेरचं नाव तर कोणालाच ठाऊक नाही, लग्नात तेही बदललेलं. कोतवाल बुकात ती ‘अमक्याची बायको’. तीर्थाच्या वहीतही मुख्य ओळ बापाकडून मुलाकडे. तर्पणात तिला जागा आहे, पण म्हणायला नाव तर हवं ना!

आणि दगड आपण लावतच नाही असंही नाही, बरं का. मोक्षधामातलं बाकडं, पाणपोई, देवळाची पायरी, शाळेतली पाण्याची टाकी बघा. ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’. हेच आपले कबरीचे दगड. आणि त्यावर असतं काय? देणाऱ्याचं नाव मोठं, गेलेल्याचं लहान, साल कधी असतं कधी नसतं. आईच्या स्मरणार्थ बाकडं दिलं तर खाली तीन मुलांची नावं हुद्द्यासकट, आणि वर नुसतं ‘मातोश्री’. शंभर वर्षांनी ते वाचणाऱ्याला काय कळणार?

माझं म्हणणं एवढंच की यापुढे जो दगड लावाल त्यावर गेलेल्याचं पूर्ण नाव, जन्माचं आणि मृत्यूचं साल, मूळ गाव, आणि बाई असेल तर माहेरचं नाव, आडनाव आणि तिच्या वडिलांचं गाव कोरा. घरात ऐंशीच्या पुढचं कोणी असेल तर या रविवारीच वही घेऊन बसा, सुरुवात बायकांच्या नावांपासून करा. सुनांनी स्वतःच्या माहेरचंही त्याच वहीत लिहावं, वेगळी वही नको. कोरणारा अक्षरावर पैसे घेतो, मला ठाऊक आहे. देणाऱ्याचा हुद्दा काढला तर तेवढ्याच पैशात बसतं.