आयांची आठवण आणि तज्ज्ञांचा संशय

‘विज्ञान स्वतःच्या चुका सुधारते’ हे वाक्य आपण फार सहज उच्चारतो. सुधारते खरे; पण किती वर्षांनी, आणि तोवरची किंमत कोणी मोजायची?

१९५०च्या दशकात ब्रिटनमध्ये ल्युकेमियाने दगावणाऱ्या मुलांची संख्या वाढत होती. ऑक्सफर्डच्या डॉ. ॲलिस स्ट्युअर्ट यांनी ठरवले, की कारण आयांनाच विचारावे. पैसे मिळाले अवघे १,००० पौंड, तेही लेडी टाटा स्मारक निधीतून. (मेहरबाई टाटा १९३१ साली ल्युकेमियानेच गेल्या, त्यांच्या स्मरणार्थ दोराबजींनी उभारलेला हा निधी.) कर्करोगाने दगावलेल्या आणि धडधाकट अशा दोन्ही मुलांच्या आयांना एकच प्रश्नावली दिली गेली. गरोदरपणी पोटाचा एक्स-रे काढलेल्या आया पहिल्या गटात जवळपास दुप्पट निघाल्या! १९५६ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले.

आक्षेप लगेच आला: मूल गमावलेली आई जुने सारे उकरून आठवते, दुसरी विसरते. आक्षेप रास्त होता. पण तो तपासण्याजोगाही होता, कारण रुग्णालयांच्या नोंदवह्यांना शोक होत नाही. अमेरिकेत ब्रायन मॅकमॅहन यांनी १९६२ साली त्याच चाळल्या. धोका सुमारे ४० टक्क्यांनी अधिक आढळला.

त्याआधी, १९६० साली, रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी गर्भावस्थेत किरणोत्सर्ग झालेली सुमारे ३९ हजार मुले पाहून ‘वाढ नाही’ असा निर्वाळा दिला होता. त्यात ल्युकेमियाचे अपेक्षित मृत्यू साधारण दहा, आढळले नऊ. दहाच्या जागी चौदा व्हायला हवे होते की नाही, हे एवढ्याशा आकड्यातून कसे कळणार? तरीही पुढे कित्येक वर्षे ही नऊची संख्या ढालीसारखी वापरली गेली आणि गर्भवतींच्या पोटाचे एक्स-रे निघतच राहिले.

आवश्यक एक्स-रे वा सी.टी. स्कॅन नाकारा, असे मी मुळीच म्हणत नाही. निदान चुकण्याचा धोका बहुधा मोठा असतो. माझी तक्रार वेगळी आहे. शंका तज्ज्ञांची होती, पण तिचा फायदा यंत्राला मिळाला, गर्भाला नाही.

१९९७ साली डॉल यांनीच वेकफर्ड यांच्यासह सारा पुरावा पुन्हा तपासला आणि एवढ्या अल्प मात्रेनेही धोका वाढतो, हे मान्य केले. तेव्हा स्ट्युअर्टबाई ९० वर्षांच्या होत्या.