वरात जोरात, पाळणा रिकामा!

कल्पना करा. मुहूर्तावर नवरदेव हजर, तेही एका नवरीमागे दहा-दहा. सगळे तगडे, हौशी. लग्न लागतं, संसार सुरू होतो... आणि पाळणा काही हलत नाही. माणसाच्या घरात हे दुःख असतं. किड्यांच्या दुनियेत मात्र हा एक भन्नाट सायंटिफिक फंडा आहे.

फंडा एडवर्ड निपलिंग या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाचा. स्क्रूवर्म नावाची माशी गुरांच्या जखमेत अंडी घालते आणि तिच्या अळ्या जिवंत मांस खातात. पण मादी आयुष्यात बहुधा एकदाच जोडीदार निवडते. निपलिंग म्हणाले, मग तो जोडीदार आपणच पाठवू! प्रयोगशाळेत माश्या वाढवायच्या, किरणोत्सारानं वंध्य करायच्या आणि ढिगानं सोडायच्या. १९५४ साली कुरासाव बेटावर हा प्रयोग झाला आणि काही महिन्यांत माशी बेटावरून गायब! निपलिंग आणि त्यांचे सहकारी रेमंड बुशलँड यांना १९९२ साली वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं.

‘ओके, पण माझा काय संबंध?’ अंगातली जीन्स बघा, बॉस. ती कापसाची आहे.

परभणी जिल्ह्यातलं, सेलू तालुक्यातलं वालूर तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल ते तिथल्या बारवेमुळे. गोल गोल फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्या, फोटो काढायला एकदम झकास. पण हा सगळा मुलूख काळ्या मातीचा आणि कापसाचा. आणि कापूस म्हटलं की गुलाबी बोंडअळी आलीच. ही बया बोंडाच्या आत शिरून सरकी खाते. वरून बोंड ठणठणीत, आत कवडी. ती आत असल्यानं फवारा तिच्यापर्यंत पोचतच नाही. बीटी कापसाचा धाकही तिला आता उरलेला नाही. २०१७ च्या मोसमात तिनं मराठवाडा-विदर्भाचा कापूस पोखरला. त्याच मोसमात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. म्हणजे विषाला पर्याय शोधणं हा हौसेचा मामला नाही.

पर्याय आहे का? हीच अळी अमेरिकेतल्या ॲरिझोनात होती. तिथे २००६ पासून छोट्या विमानांतून अब्जावधी वंध्य पतंग कापसावर सोडले. खाद्यात लाल रंग मिसळून वाढवलेले, म्हणजे सापळ्यात सापडला की ‘हा आपला, तो बाहेरचा’ लगेच कळतं. जोडीला बीटी कापूस होता, तो तिथे अजून चालत होता. २०१८ साली अमेरिकेनं आपला कापूस गुलाबी बोंडअळीपासून मुक्त झाल्याचं जाहीर केलं.

मग आणा की ती विमानं परभणीला! इतकं सोपं नाही. हा खेळ आकड्यांचा आहे. रानातल्या नरांपेक्षा आपले नर कितीतरी पट जास्त हवेत. त्यामुळे आधी किडीची संख्या खाली आणावी लागते. शिवाय अख्ख्या पट्ट्यानं एकदम उतरावं लागतं. मी माझ्या तीन एकरांत वंध्य पतंग सोडले आणि शेजाऱ्यानं पऱ्हाटी तशीच उभी ठेवली, तर त्याच्याकडच्या माद्या आधीच गाभण होऊन माझ्याकडे येणार. बोंडअळीला सातबारा कळत नाही! ॲरिझोनात शेतकरी, विद्यापीठ आणि सरकार एकत्र होते, खर्चातही शेतकऱ्यांचा वाटा होता.

आणि लागतो विश्वास. आपल्याकडे डासांवर असा प्रयोग सत्तरच्या दशकातच ठरला होता. जागतिक आरोग्य संघटना आणि आयसीएमआरचा दिल्लीत प्रकल्प होता, सोनीपतमध्ये वंध्य नर डास सोडायचे होते. पण अमेरिकेच्या पैशावर चाललेल्या या कामामागे जैविक युद्धाचा डाव तर नाही ना, असा संशय पेपरांतून आणि संसदेतून उठला. १९७५ मध्ये सगळं गुंडाळलं. २०१७ साली परभणीच्या शेजारी, जालना जिल्ह्यातल्या दावलवाडीत, याच फंड्याच्या चुलत भावाच्या पिंजऱ्यातल्या चाचण्या सुरू झाल्या. जनुकं बदललेले नर एडिस डास, ज्यांची पिल्लं मोठी होण्याआधीच मरतात. नर डास चावत नाही, हे तिथेही लोकांना पहिल्यापासून समजावून सांगावं लागतं.

तर वालूरच्या शिवारात ही वरात कधी येईल ती येवो. तोवरची कामं साधी आहेत आणि ती एकट्यानं करून भागत नाहीत: फरदड घ्यायची नाही, पऱ्हाटी वेळेत काढायची, डोमकळ्या वेचून नष्ट करायच्या, कामगंध सापळे लावायचे. सापळ्यात मादीचा नकली परफ्यूम असतो, नर भुलून येतो आणि अडकतो. आता तर झाडांना तोच गंध बांधून शेतभर इतका दरवळवतात की नराला खरी नवरी सापडतच नाही.

बारव बघायला गेलात तर वाटेतल्या कापसाच्या शेतात सापळे दिसतात का, तेही बघा. आणि मोजा. एकाच शेतात दिसले तर अळी खूश. गावभर दिसले, तर समजा गाव जिंकायला लागलंय.