दिव्याखालची मिरची : हौस आणि हिशेब

गेल्या पावसाळ्यात मुलुंड येथील एका सदनिकेत मी मिरचीची तीन झाडे पाहिली. माती नाही, ऊन नाही. झाकणाच्या डब्यात खतमिश्रित पाणी, मुळांना हवा मिळावी म्हणून त्यात एक लहानसा पंप, आणि वर 100 वॉटचा एल.ई.डी. दिवा रोज चौदा तास जळत असलेला. पानांवर बोकड्याची सुरकुती दिसेना. खोलीत वारा नसल्यामुळे फळधारणा कमी होते, म्हणून घरच्या बाई रोज सकाळी फुलांचे देठ बोटाने हळूच हलवीत. मिरची तिखट होती काय, हे मी चाखून पाहिले आहे; त्याविषयी कोणी शंका घेऊ नये!

पुढे थोड्याच दिवसांनी गोराईच्या एका तरुण बागायतदाराने मला विचारले, कर्ज काढून अशी मिरचीची खोली उभारावी काय? ग्रामसेवक बंधूंनाही हा प्रश्न विचारला जात असेल, म्हणून माझे मत स्पष्ट मांडतो.

ही पद्धत खोटी नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ गेरिक यांनी 1937 साली तिला हायड्रोपोनिक्स हे नाव रूढ केले आणि शाल्टो डग्लस यांनी 1946 पासून कालिंपाँगकडे तिचे प्रयोग केले. ती परकी म्हणून नाकारावी, तर मिरचीदेखील पोर्तुगीजांबरोबरच आपल्याकडे आली. अडचण आहे ती उजेडाच्या किमतीची.

वरील दिवा दिवसाला 1.4 युनिट वीज घेतो. पीक पाच महिने ठेवले तर 210 युनिट होतात. युनिटला दहा रुपये धरल्यास 2,100 रुपये. तीन झाडांनी मिळून तीन किलो हिरवी मिरची दिली असे उदारपणे मानले, तरी किलोमागे 700 रुपये नुसत्या विजेचे झाले. तीच मिरची डहाणू-वाणगावचा शेतकरी फुकटच्या उन्हात पिकवितो. अंधेरी पूर्वेस 2017 साली 'हर्बिव्होर फार्म्स' ही बंदिस्त शेती सुरू झाली, तिनेही कोशिंबिरीच्या पालेभाज्यांवर भर दिला. पालेभाजी महिना-दीड महिन्यात विक्रीस येते. मिरचीचे झाड तोवर फुलावरही आलेले नसते. तेव्हा हौसेसाठी घरात अवश्य लावावी, परंतु कर्ज काढून मुळीच नाही.

तथापि, दिव्याचा एक उपयोग आपल्या कामाचा आहे. भाद्रपदातील ढगाळ हवेत रोपे उंच, लेचीपेची होतात आणि ओल्या वाफ्यात मरीने कोलमडतात. 60 बाय 45 सेंटिमीटर अंतराने एका गुंठ्यास सुमारे 375 रोपे लागतात. 98 कप्प्यांचे चार ट्रे पुरतात. कोकोपीट भरून ते 40 वॉटच्या दोन दिव्यांखाली 35 दिवस ठेवल्यास सुमारे 40 युनिट जळतात, म्हणजे रोपामागे जेमतेम एक रुपया. भोवती बारीक जाळी लावावी, म्हणजे पांढरी माशी बाळरोपांना रोग देणार नाही. या रोपांना ऊन ठाऊक नसते; लावणीपूर्वी आठवडाभर ट्रे अंगणात ठेवून त्यांना क्रमाने ऊन दाखवावे, नाही तर पाने करपतात.

गोराईच्या त्या तरुणास मी दोनच दिवे घेण्यास सांगितले आहे. त्याचे ट्रे यंदा सप्टेंबरात भरले जातील.