मिश्री विचारता, मग काम का नाही?

निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळणारी बाई डॉक्टरांपुढं बसली की पहिला प्रश्न ठरलेला : "मावशी, मिश्री लावताय काय?" ती मान डोलावते आणि तपास तिथंच संपतो. पदरानं नाक बांधून वर्षानुवर्षं तिनं ओढलेला खकाणा केसपेपरवर येतच नाही. बेळगावच्या उद्यमबागेतला फौंड्री कामगार खोकत आला, तर टीबीची शंका. ती घ्यायलाच हवी. पण हा वाळू झाडतो की ग्राइंडर मारतो, हे कोण विचारतो?

रोग्याला त्याचा धंदा विचारा, असं इटलीच्या रामाझ्झिनीनं 1700 साली डॉक्टरांना लिहून ठेवलंय.

साच्यातून काढलेल्या कास्टिंगवरची वाळू उडवताना जी धूळ दिसते, ती बरीचशी नाकात अडते. न दिसणारी थेट फुप्फुसाच्या तळाशी जाते. साधा रुमाल तिला अडवत नाही. त्या धुळीतल्या सिलिकानं फुप्फुसाचा सिलिकोसिस होतो, टीबीला वाट मोकळी होते, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं 1997 मध्ये या सिलिकाला कॅन्सरकारक ठरवलं. ॲस्बेस्टॉस त्या यादीत आधीपासूनच आहे.

ॲस्बेस्टॉसचा कॅन्सर बहुधा वीस-चाळीस वर्षांनी उगवतो. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 1995 मध्ये ॲस्बेस्टॉस कारखान्यांना बजावलं : कामगाराच्या तब्येतीची नोंद कामाला लागल्यापासून 40 वर्षं किंवा काम सुटल्यावर 15 वर्षं, जे नंतर येईल तोवर जपा. निकाल चोख. पण ठेकेदार बदलला की हजेरीवही बदलते, तिथं 40 वर्षं कोण जपणार? वर "बिडी ओढत होता हो" म्हणून मालक मोकळे. अहो, बिडी ओढणाऱ्याला ॲस्बेस्टॉस जास्तच नडतं. दोन्ही धोके नुसते बेरजेत राहत नाहीत. ही मालकाची सुटका कशी?

1948च्या फॅक्टरी कायद्यानं सिलिकोसिस, ॲस्बेस्टॉसिस आढळला तर मुख्य कारखाना निरीक्षकाला कळवण्याची जबाबदारी डॉक्टरांवर टाकली. कामच विचारलं नाही, तर कळवणार काय? केसपेपरवर रकाना छापा : काम कोणतं, किती वर्षं, त्याआधी कुठं. मराठीत की कानडीत, हा आपला आवडता वाद नंतर घालू. तोवर कामगारांनी पीएफची स्लिप, जुना गेटपास, हजेरीकार्ड एक्स-रेच्या पाकिटातच ठेवावं. डॉक्टरांनी विचारलं नाही, तरी पुढं करावं.